सोलापूरची चादर

मे महिन्यात पांघरुणे आणावयास सोलापुरास निघालेले पाहून आमच्या काकूंनी आमच्या अकलेविषयी शंका प्रदर्शित केली. वस्तुतः गेल्या हिवाळ्यात एका दुकानातून ‘सोलापुरी’ म्हणून आणलेल्या चादरींनी सर्वांत अधिक छळ त्यांचाच केला होता. ऊब यथातथाच, अंग मात्र चिकट होई. त्यांपैकी एक चादर नमुन्यादाखल बरोबर घेऊनच आम्ही निघालो.

सोलापूरच्या पूर्व भागात शिरताच मराठीबरोबर तेलुगूही कानी पडू लागते. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. १८७७ साली निघालेली जुनी गिरणी केव्हाच बंद पडली. यंत्रमागांचा खडखडाट मात्र गल्ल्यांतून अजून ऐकू येतो. बाहेर उष्णमान चाळीस अंशांच्या वर, आणि आत पंखाही नाही! कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेले. त्या दमट उकाड्यात एक वृद्ध विणकर जाडजूड चादर विणीत होते.

“या दिवसांत आपण काय पांघरता?” आम्ही विचारले.

“बायकोचं जुनं लुगडं,” ते हसून म्हणाले. “चादर विकायची असते.”

त्यांनी चादरीचे टोक उलटून दाखविले. एका बाजूस लाल जमिनीवर पिवळी वेल, दुसऱ्या बाजूस नेमके त्याच्या उलट. जॅकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने दोन पदर एकमेकांत गुंफले जातात, आणि त्यांत कोंडलेली हवा हीच खरी ऊब होय. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत ही चादर हवीशी वाटते. उन्हाळ्यास एकेरी, साध्या विणीची व पातळ सुताचीच हवी. धुऊन धुऊन मऊ झालेली असल्यास उत्तम. पावसाळ्यात प्रश्न उबेचा नसून वाळण्याचा असतो. आषाढात दुपदरी चादर धुवावयास काढण्याचे धाडस कोकणातील गृहिणी सहसा करणार नाही. तेथे दोन हलक्या चादरी आलटूनपालटून वापराव्या व गारठा वाटल्यास वर घोंगडी घ्यावी.

आमच्या नमुन्याचा एक दोरा ओढून विणकरांनी काडीने पेटविला. तो वितळला आणि त्याचा कठीण मणी झाला. मागावरचा दोरा पेटविला, तेव्हा जळत्या कागदाचा वास आला व बोटांत चुरडताच राख झाली. भौगोलिक मानांकन मिळूनही परगावी विणलेल्या भेसळीच्या चादरी सोलापूरच्या नावाने स्वस्तात खपतात.

“गिऱ्हाइकानं एवढी एक काडी ओढली असती, तर माझा मुलगा माग सोडून पुण्याला गेला नसता,” ते म्हणाले, आणि पुन्हा मागाकडे वळले.

दुपदरी सहा व एकेरी बारा चादरी घेऊन आम्ही परतलो. खळ निघण्यासाठी त्या रात्रभर पाण्यात भिजत घालावयाच्या होत्या. परंतु गाठोडे सुटण्यापूर्वीच, सर्व हकीकत ऐकून काकूंनी काडेपेटी मागविली.