माथ्यावरून दिसणारा पायथा

सह्याद्रीत उंचावरून खाली पाहण्याच्या दोन निरनिराळ्या रीती रूढ आहेत. पहिली थंड हवेच्या ठिकाणांची. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान युरोपीय मंडळींच्या नजरेस आणले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर पोहोचली, आणि मुंबईची कुटुंबे फारसे न चढता लेकरांसह कड्याच्या टोकाशी जाऊ लागली. अशा टोकाला मराठीत ‘पॉइंट’ हाच शब्द कायमचा चिकटला, कारण केवळ पाहण्यासाठी राखलेल्या जागेला आपल्या भाषेत वेगळे नाव नव्हते. दुसरी रीत पुष्कळ जुनी आहे. तिच्यात डोंगराच्या माथ्यावर देवीचे ठाणे असते, वर जायचे ते तिच्या दर्शनाला, आणि चहूबाजूंचा मुलूख दिसतो तो त्या दर्शनाच्या पदरात पडलेला प्रसाद म्हणून. पॉइंटवर आलेला माणूस थेट कठड्याकडे जातो. देवीच्या माथ्यावर आलेला माणूस आधी दरीकडे पाठ करून गाभाऱ्यात वाकतो आणि मगच वळून पाहतो. लहान मूल बरोबर असले की हा फरक विशेष जाणवतो, कारण पॉइंटवरचा कठडा मोठ्यांच्या कमरेच्या मापाने बांधलेला असतो, आणि त्याला उचलून कडेवर घेईपर्यंत मुलाला गजांच्या फटीपलीकडचे काहीच नीट दिसत नाही.

कळसूबाई हे या दुसऱ्या रीतीचे ठळक उदाहरण होय. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्याला लागून असलेले हे १६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण असून, पायथ्याच्या बारी गावातून भातखाचरे ओलांडून जाणारी वाट हीच त्याची रुळलेली वाट आहे. सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वारंवार वर आलेल्या लाव्ह्याचे एकावर एक थिजलेले थर; म्हणूनच येथला डोंगर सलग उताराचा नसून पायऱ्यापायऱ्यांचा असतो, आणि या थरांना भूशास्त्रात मिळालेले ‘ट्रॅप’ हे नावही पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे. थराचा सपाट भाग मुले धावत ओलांडतात आणि त्याची उभी कड आली की थबकतात. कळसूबाईवर नेमक्या अशाच कडांना लोखंडी शिड्या बसवल्या आहेत.

त्या शिडीपाशी जरा थांबावे. मोठ्या माणसाला तिच्यावर विचार करावा लागत नाही, पाय आपोआप पुढच्या दांडीवर पडतो. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला प्रत्येक दांडीसाठी गुडघा पोटाशी आणावा लागतो, लोखंड सकाळी गार आणि दुपारी पोळणारे असते, तळहाताला गंजाचा वास लागतो, आणि वरच्या माणसाच्या टाचेवरची माती डोळ्यांत पडते. मूल चढत असताना मोठ्याने त्याच्या मागे, म्हणजे खालच्या बाजूला राहायचे आणि उतरतानाही खालीच राहायचे, हा डोंगरात वावरणाऱ्यांचा साधा नियम आहे. त्यामुळे चढताना आईबापांच्या डोळ्यांसमोर बराच काळ निसर्ग वगैरे काही नसतो, तर एका बुटाचा तळ आणि सुटू पाहणारी त्याची नाडी असते. मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र हातभर अंतरावरचा खडक असतो, त्यातली कपार असते, कपारीतला मुंगळा असतो. ‘किती राहिले?’ हा प्रश्न मुले सपाटीवर विचारतात, शिडीवर नाही, आणि या एका निरीक्षणात चालवण्याच्या कलेचा बराचसा भाग आला.

वाट लांबली की कथा उपयोगी पडते आणि या डोंगराची कथा मुलांना सांगण्यासारखी आहे. कळसू नावाची कोळी समाजातली मुलगी रानात हिंडण्याची आवड असलेली. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी ती कामाला राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एके दिवशी घरातल्या कोणीतरी नेमकी तीच कामे सांगितली. तिने ती निमूट केली आणि लगेच डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून सांगितली जाते. या कथेत राक्षस नाही, युद्ध नाही, वरदानही नाही; शब्द मोडला गेल्यावर भांडण न करता निघून जाणारी एक मुलगी आहे, आणि घरकाम टाळण्याच्या बाबतीत तज्ज्ञ असलेल्या वयाला तिची बाजू समजावून सांगावी लागत नाही. महाराष्ट्राचा सर्वोच्च बिंदू कोणा राजाच्या नावाने नव्हे, तर एका कामकरी मुलीच्या नावाने ओळखला जातो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या उंचीच्या आकड्यापेक्षा मोलाची आहे.

माथ्यावर पोहोचल्यावर मोठ्यांचे बोट दूर जाते. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग या तीन दुर्गांची रांग, दक्षिणेला रतनगड आणि त्यामागे हरिश्चंद्रगड, त्यांच्या अलीकडे भंडारदऱ्याचा जलाशय, जो प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाने निर्माण केला. मुलाचे डोळे मात्र या बोटामागे जात नाहीत. ते खाली पाहते, वाट शोधते, मघाची शिडी शोधते, गाडी उभी केलेली जागा शोधते, आणि सापडले की ओरडते. ‘इतके वर आणले आणि हा खालीच बघतो’ ही तक्रार अशा वेळी हमखास ऐकू येते. ती गैरसमजातून आलेली आहे.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ च्या त्यांच्या ग्रंथात जो प्रयोग मांडला तो योगायोगाने डोंगरांचाच आहे. टेबलावर तीन पर्वतांची प्रतिकृती ठेवायची, मुलाला एका बाजूला बसवायचे, दुसऱ्या बाजूला बाहुली ठेवायची आणि तिला हे डोंगर कसे दिसत असतील ते चित्रांमधून निवडायला सांगायचे. चार-पाच वर्षांची मुले स्वतःला दिसते तेच चित्र बाहुलीच्याही वाट्याला देतात. दुसऱ्याच्या जागेवरून दिसणारे जग वेगळे असते ही जाण सात-आठव्या वर्षाच्या सुमारास हळूहळू पक्की होते. स्वतःच्या दृष्टिकोनालाच सर्वांचा दृष्टिकोन समजण्याच्या या अवस्थेला पियाजे यांनी आत्मकेंद्रितता म्हटले, आणि तिचा स्वार्थीपणाशी संबंध नाही. पुढे १९७५ मध्ये मार्टिन ह्यूज यांनी डोंगरांऐवजी भिंती आणि पोलिसाची बाहुली घेतली व पोलिसाला दिसणार नाही अशा जागी दुसरी बाहुली लपवायला सांगितले, तेव्हा साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनीही सुमारे नव्वद टक्के वेळा अचूक उत्तर दिले. लपाछपीत हेतू कळतो, टेबलावरच्या डोंगरात तो कळत नाही, असा याचा सरळ अर्थ.

कळसूबाईच्या माथ्यावरून बारी शोधणारे मूल या दोन्ही प्रयोगांच्या मधोमध उभे असते. सकाळी ज्या अंगणातून त्याने मान वर करून हे शिखर पाहिले, तेच अंगण आता ते शिखराच्या जागेवरून पाहते. बाहुलीच्या जागी स्वतः जाऊन बसण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याला तीन तासांच्या चालीची किंमत मोजलेली असल्यामुळे त्यामागचा हेतू समजावून द्यावा लागत नाही. दूरचा मुलूख त्याला परका असतो, कारण ते तेथून आलेले नसते. दृश्य म्हणजे रंग आणि आकार नव्हेत, ओळखीच्या नावांचे ते जाळे असते. मोठ्यांना अलंग दिसतो याचे कारण त्यांनी अलंगविषयी ऐकलेले असते, डोळे त्यांचे अधिक चांगले आहेत असे नाही.

नावे देत गेले की मुलाची नजरही लांबते, हे खरे. रतनगडाच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्याला सुईच्या भोकासारखे म्हणून नेढे म्हणतात, एवढे सांगितले तरी मूल दक्षिणेकडे वळते आणि दिसो न दिसो, ते भोक शोधत बसते. थोड्या मोठ्या मुलांना क्षितिजाचे गणितही घालता येते: उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की मोकळ्या सपाटीवर किती किलोमीटरपर्यंत दिसावे ते मिळते, आणि १६४६ मीटरसाठी ते उत्तर सुमारे १४५ येते. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे, म्हणजे हिशेबाने तो टप्प्यात आहे. हवेतली धूळ आणि बाष्प हा हिशेब बहुतेक दिवशी मोडून काढतात. एखादे मूल तरीही हट्टाने पश्चिमेकडे डोळे किलकिले करून उभे राहते, तेव्हा त्याला घाईने खाली ओढू नये.

घाई केव्हा करावी, हे मात्र ठरलेले असावे. पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात, ढग माथा गिळतात, दुपारच्या वाऱ्यात लहान मुले लवकर गारठतात, आणि सुटीच्या दिवशी शिडीखाली रांग लागते ती वेगळीच. वरून दिसणारे काहीच नाही अशा दिवशी केवळ ‘सर केले’ म्हणण्यासाठी रडत्या मुलाला शेवटच्या शिडीवर ढकलणे ही पालकांची हौस आहे, तिला मुलाचा अनुभव म्हणू नये. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मुलालाही मागे वळून माथा दाखवता येतो, आणि तो तेथेच राहणार आहे. बारीकडून वाट चढू लागताच कळसूबाईचे एक देऊळ खालीच लागते. ज्यांना वर जाणे झेपत नाही ते तेथूनच दर्शन घेऊन घरी परततात.