बाँडचा मुजाहिद दोस्त

‘द लिव्हिंग डेलाइट्स’ हा जेम्स बाँडच्या मूळ मालिकेतला पंधरावा सिनेमा. तो १९८७ साली आला. टिमोथी डाल्टन त्यात पहिल्यांदा बाँड झाला. मी तो पुष्कळ वर्षांनी पाहिला, मोठ्या भावानं भाड्यानं आणलेल्या सीडीवर. आमच्या घरात बाँड म्हणजे मारामारी आणि पळापळी. या सिनेमातही ती भरपूर आहे. पण त्यातल्या एका माणसानं माझा पिच्छा सोडला नाही. त्याचं नाव कामरान शाह.

बाँड अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत तळावर कैदेत पडतो. तिथून निसटताना तो आणखी एका कैद्याला सोडवतो. हा फाटका, वेडगळ वाटणारा कैदी नंतर आपल्या गढीत अस्खलित इंग्रजी बोलू लागतो. तो ऑक्सफर्डला शिकलेला, मुजाहिदीनांचा सरदार निघतो. पुढे त्याचे घोडेस्वार सोव्हिएत तळावर तुटून पडतात. शेवटी व्हिएन्नात नायिकेची मैफल असते. तिथं कामरान शाह साथीदारांसह उशिरा पोचतो. अंगावर काडतुसांचे पट्टे तसेच. उशीर का, तर विमानतळावर थोडी अडचण झाली! प्रेक्षकांनी तिथं हसायचं असतं. आज हा प्रसंग असा विनोदानं कोण लिहील?

इयान फ्लेमिंगची मूळ कथा १९६२ची. ती बर्लिनमध्ये घडते. तिच्यात अफगाणिस्तानही नाही आणि मुजाहिदही नाही. ते सिनेमावाल्यांनी घातले. सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९मध्ये अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, त्या फेब्रुवारी १९८९मध्ये परतल्या. सिनेमा आला तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन मुजाहिदीनांना मदत करत होते. त्यामुळे पडद्यावरचा मुजाहिद देखणा, सुशिक्षित आणि बाँडचा दोस्त होता. त्याची माणसं अफूच्या व्यवहारात गुंतलेली दाखवली आहेत, पण तेही सिनेमा सहज माफ करतो.

कामरान शाहचं काम केलं होतं आर्ट मलिकनं. बहावलपूरला जन्मलेला हा नट लहानपणी इंग्लंडला गेला. १९९४ साली ‘ट्रू लाइज’ या अमेरिकन हेरपटात तोच पुन्हा दिसला. या वेळी अणुबाँबची धमकी देणाऱ्या दहशतवादी टोळीचा म्होरक्या म्हणून. चेहरा तोच, मधे फक्त सात वर्षं. दरम्यान सोव्हिएत युनियन संपलं होतं. गरज सरो, वैद्य मरो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या उर्दूत स्वातंत्र्यसैनिकाला ‘मुजाहिदे आझादी’ म्हणतात. गांधीजी मुजाहिदे आझादी, भगतसिंगही मुजाहिदे आझादी. ‘जद्दोजहद’ हा शब्द तर हिंदी सिनेमामुळे सगळ्यांनाच ठाऊक आहे. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, झटणं. आमच्याकडं मुलांचं नावही मुजाहिद ठेवतात.

एकदा शिक्षक प्रशिक्षणात दुपारी डबे उघडून बसलो होतो. मराठी शाळेतल्या एका सरांनी माझ्या पाठाच्या टाचणावर नजर टाकली. म्हणाले, “मॅडम, हा मुजाहिद शब्द मुलांना शिकवता? दुसरा नाही का एखादा?” माणूस सज्जन होता. आवाजात काळजीच होती. मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, “तुमचं बरोबर आहे हो, पण लोकांना काय वाटेल?” मग त्यांनी चटणी पुढे केली आणि विषय बदलला.

त्यांना तरी काय बोलणार? त्यांनी तो शब्द बातम्यांतूनच ऐकलेला. आणि दोष सगळा पाश्चात्त्यांचाच, असंही मी म्हणणार नाही. १९९२ नंतर त्याच मुजाहिदीन गटांनी आपापसात लढून काबूलची राखरांगोळी केली. स्वतःला मुजाहिद म्हणवणाऱ्या कितीतरी जणांनी निरपराधांचे जीव घेतले. शब्द बाहेरच्यांनी वापरला तसा घरच्यांनीही मळवला.

पण त्याची किंमत कोण चुकवतं? वर्गात बसलेला, मुजाहिद नावाचा दहा-बारा वर्षांचा मुलगा. उद्या नोकरीच्या अर्जावर नाव लिहिताना त्याचा हात अडखळेल. कामरान शाह त्यानं पाहिलेला नाही, काबूलही त्याला नकाशातच दाखवावं लागतं.

मी तो शब्द टाचणातून काढलेला नाही. स्वातंत्र्यलढ्याचा धडा आला की फळ्यावर लिहिते, मुजाहिद. समोर अर्थ लिहिते, झटणारा. मग मुलांना विचारते, तुमच्या घरात कोण कोण झटतं? कुणी आईचं नाव सांगतं, कुणी हातगाडी ओढणाऱ्या अब्बांचं.