जुना लॅपटॉप आणि सहा हजार रुपये

जुनी वस्तू टाकावी की डागडुजी करून आणखी काही वर्षे वापरावी, हा प्रश्न आमच्या लहानपणीच्या घरांत सहसा उद्भवतच नसे. सायकल, रेडिओ, शिवणयंत्र, विहिरीवरचे इंजिन, या सर्वांना दुरुस्तीचा हक्क जणू जन्मतःच मिळालेला असे. लॅपटॉपला मात्र तो हक्क आपण अजून दिलेला दिसत नाही. यंत्र मंद झाले की घरातील तरुण मंडळी नव्याचा विषय काढतात आणि वडीलधारी माणसे ‘चालतो आहे ना अजून?’ एवढेच विचारून गप्प होतात. या दोहोंच्या मधला मार्ग, म्हणजे त्या यंत्राचा एखादाच भाग बदलणे, फार थोड्यांच्या ध्यानी येतो; आणि ज्यांच्या येतो त्यांची गाडी ‘कोणता भाग?’ या प्रश्नापाशी अडते. हाती पैसे मोजके असले म्हणजे हा प्रश्न साधा राहत नाही. भलत्याच भागावर खर्च झालेले तीन हजार रुपये परत येत नाहीत आणि यंत्र होते तिथेच राहते.

आमच्या कचेरीतील संगणक आम्ही स्वतःच उघडतो व स्वतःच बंद करतो, ही वार्ता धर्मग्रामात पसरल्यापासून अशी प्रकरणे आमच्याकडे अधूनमधून येतात. त्यांपैकी एकाची हकीकत येथे देत आहोत. २०२५ च्या जून महिन्यात माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला गेलेली एक मुलगी आपल्या आईला घेऊन आली. वडिलांचे काम आजारपणामुळे सुटलेले. आई पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन मुंबईस जाते. लॅपटॉप २०१९ साली घेतलेला. तो सुरू होण्यास सात-आठ मिनिटे लागत आणि अंतिम प्रकल्पासाठी लागणारी ॲन्ड्रॉइड स्टुडिओ ही प्रणाली उघडली की सारे काही गोठून जाई. एका दुकानदाराने तो पाच हजारांस मोडीत घेण्याची तयारी दाखवून चाळीस हजारांचा नवा हप्त्यांवर सुचवला होता. बाईंनी बाजूला ठेवलेली रक्कम होती सहा हजार. ‘फादर, हप्ता घेऊ का? तुम्ही म्हणाल तसं,’ असे म्हणून त्या थांबल्या. वर्षभराच्या हप्त्यांचे ओझे पहाटेच्या त्या भाजीच्या पाट्यांवर पडणार होते, म्हणून आम्ही घाईने उत्तर देण्याचे टाळले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना लक्षण आणि कारण यांत भेद करण्याची सवय लावली जाते. ‘लॅपटॉप मंद आहे’ हे लक्षण झाले. तो कशासाठी थांबून राहतो हे कारण, आणि ते शोधण्यास एक पैसाही लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे चढउतार डोळ्यांसमोर दिसतात. रोजचे काम करीत अर्धा तास त्याकडे लक्ष ठेवावे. त्या मुलीच्या लॅपटॉपवर प्रोसेसर बहुतेक वेळ वीस टक्क्यांच्या आतबाहेर रेंगाळत होता, मेमरी नव्वदीवर होती आणि डिस्क शंभरावर खिळून बसली होती. म्हणजे ज्याला सगळे ‘जुना झाला’ म्हणत होते तो प्रोसेसर प्रत्यक्षात रिकामा बसला होता!

लग्नघरच्या स्वयंपाकाची उपमा येथे चपखल बसते. प्रोसेसर हा आचारी, रॅम हा त्याच्यापुढचा ओटा आणि हार्ड डिस्क ही मागची कोठी. आचारी कितीही चपळ असला तरी कोठीतून तांदूळ आणणारा माणूस पाय ओढीत येत असेल तर चूल नुसती जळत राहते. ओटा अगदी लहान असेल तर आणखी एक आपत्ती ओढवते. ठेवायला जागा नाही म्हणून अर्धवट चिरलेली भाजी पुन्हा कोठीत न्यायची आणि घटकाभराने परत आणायची, असा खेळ सुरू होतो. संगणकही हेच करतो. रॅम भरली की तो तिच्यातील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. चार जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, ही २०१८-१९ च्या सुमारास स्वस्त लॅपटॉपांत सर्रास आढळणारी जोडी, म्हणूनच इतकी छळते. तिथे एक दोष दुसऱ्यास पोसत असतो.

फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये वाचणारी सुई एका जागेवरून दुसरीकडे सरकावी लागते. तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेते. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. माणसाला हा काळ नगण्य वाटेल, पण विंडोज सुरू होताना अशी हजारो लहान वाचने करावी लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. तेच वाचन मिलिसेकंदाच्या दशांशाच्या आसपास होते. दुकानदार सेकंदास पाचशे एमबी वगैरे वेगाचे आकडे सांगतात, ते मोठ्या फाइलींपुरते खरे असतात. रोजच्या वापरातला फरक पडतो तो या लहान वाचनांमुळे. म्हणून तबकडीची डिस्क असलेल्या कोणत्याही लॅपटॉपमध्ये पहिला रुपया एसएसडीवर घालावा, असे आमचे निःसंदिग्ध मत आहे. महागड्या प्रकारच्या मागे लागण्याचेही कारण नाही. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी बसते. काही लॅपटॉपांत एम.२ नावाची लहान खाच असते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात आणि दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच, तेव्हा आपल्या खाचेला कोणता चालतो हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहूनच घ्यावे. जागेचा हव्यासही नको. २५६ जीबीत विंडोज, अभ्यासाची साधने आणि वर्षाचे काम सुखाने मावते; लग्नसमारंभांची छायाचित्रे जुन्या डिस्कवरच राहू द्यावीत.

दुसरा क्रम रॅमचा. येथे थोडे तारतम्य हवे. चार जीबीवरून आठ किंवा बारा जीबीवर जाणे म्हणजे ओटा दुपटी-तिपटीने वाढणे. त्याचा लाभ लगेच जाणवतो. आठ जीबीवरून सोळावर जाण्याचा लाभ मात्र पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन वर्ग एवढेच करणाऱ्यास क्वचितच दिसेल. ॲन्ड्रॉइड स्टुडिओला किमान आठ जीबी लागतात असे तिचे निर्मातेच सांगतात, तेव्हा आमच्या या विद्यार्थिनीला पर्याय नव्हता. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर दोनपैकी एक खाच भरलेली दिसली. म्हणजे जुनी पट्टी काढायचे कारण नव्हते. शेजारी आठ जीबीची पट्टी घातली की एकूण बारा. पिढी मात्र जुळलीच पाहिजे. डीडीआर ३ ची पट्टी डीडीआर ४ च्या खाचेत बसत नाही, कारण दोहोंतला खोबणीचा कट वेगळ्या जागी असतो, आणि जोराने बसवू पाहणारा हात खाचच मोडून ठेवतो. अलीकडच्या पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असते. तिथे वाढ संभवत नाही. नवा लॅपटॉप घेणाऱ्यांनी रंगाच्या आधी ही गोष्ट विचारावी, असे जाता जाता सुचवतो.

प्रोसेसर बदलण्याविषयी तरुण मुले आम्हांस हटकून विचारतात. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डालाच डाखून येतात. ते बदलण्याचा विचार सोडून द्यावा. ग्राफिक्सचेही तेच. पडदा तडकलेला नसेल तर अधिक चांगला पडदा बसवणे ही हौस आहे, गरज नव्हे. याउलट पंख्यात साचलेली धूळ काढणे आणि प्रोसेसरवरची वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलणे, या चार-पाचशे रुपयांच्या कामाकडे कोणी पाहत नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत सहा वर्षे उघडला न गेलेला पंखा कसा दिसतो, त्याचे वर्णन येथे न केलेलेच बरे.

राहिली बॅटरी. तिच्या बाबतीत आम्ही आईचे नव्हे, मुलीचे ऐकले. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता ४१,००० मिलिवॅट-तास आणि उरलेली २३,००० च्या घरात दिसली. आईला ती ताबडतोब बदलावीशी वाटत होती, कारण बॅटरी म्हटले की दोष समजतो. डिस्कचा दोष डोळ्यांना दिसत नाही. मुलीचे म्हणणे असे की घरी आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, दोन्हीकडे ती प्लगपाशीच बसते. वीज जोडलेली असताना खंगलेली बॅटरी बहुधा कामाची गती अडवत नाही. ती थांबू शकत होती. प्रकल्प थांबणार नव्हता. बॅटरी फुगली असेल तर मात्र ही सवलत नाही. तळाचे झाकण वर आलेले किंवा टचपॅड दाबले जाईनासे झालेले दिसले, तर त्याच दिवशी चार्जिंग बंद करावे, तिला टोचू वा दाबू नये आणि ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

सगळीच यंत्रे या उपचारास पात्र असतात असे नाही. त्याच महिन्यात लग्नपत्रिका जुळवून देणारा एक तरुण आपला २०१४ चा लॅपटॉप घेऊन आला. बिजागरी निखळलेली, पडद्यावर उभ्या रेघा, बॅटरी फुगलेली. तिन्ही कामांचा मिळून अंदाज नऊ हजारांच्या पुढे गेला. आणि कंपन्यांनी वापरून काढलेले, तपासून पुन्हा विकले जाणारे आठव्या पिढीचे लॅपटॉप आम्ही पाहिलेल्या दुकानांत पंधरा हजारांच्या आसपास मिळत होते. दुरुस्तीचा खर्च अशा चांगल्या वापरलेल्या यंत्राच्या निम्म्यावर गेला की थांबावे, असा आमचा ठोकताळा आहे. तो तरुण नाराज झाला. त्या लॅपटॉपवर त्याची पहिली कमाई झाली होती, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही नाही म्हणावे लागले. फक्त त्याची डिस्क काढून तिच्यावरचे सारे काम दुसरीकडे उतरवून दिले.

वयाचा आणखी एक हिशेब आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. मुलीचा लॅपटॉप नेमका आठव्या पिढीचा निघाला, म्हणून त्यावर केलेला खर्च काही वर्षे टिकणारा होता. सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे. आमच्या कचेरीतील संगणक पाचव्या पिढीचा. त्यात आम्ही एसएसडी घालून लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली बसवली आहे. पत्रे, जमाखर्च आणि मराठी टंकलेखन यांस ती पुरून उरते. पण ज्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात विंडोजवरच चालणारे एखादे साधन आहे, त्याला आम्ही हा सल्ला देत नाही.

खरेदीसाठी मायलेकी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेल्या. त्या रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण दुकानदारास ते सांगून पाहावे! आम्ही त्यांना एक कागद लिहून दिला होता : एसएसडीचा प्रकार व माप, रॅमची पिढी व वेग, आणि तळाशी ‘पक्के बिल घेणे’. बिलावाचून वॉरंटी म्हणजे तोंडची वाफ. एसएसडीला अठराशे, रॅमला सतराशे, जुनी डिस्क घालण्याच्या यूएसबी केसिंगला तीनशे आणि सफाई व पेस्टला चारशे, असे एकूण ४,२०० रुपये लागले. डिस्क बदलण्यापूर्वी तिच्यावरचे सर्व काम पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले होते आणि नव्या एसएसडीवर विंडोज जुन्याची नक्कल न करता कोरीच बसवली. सहा वर्षांची साठलेली अडगळ नव्या कोठीत नेण्यात अर्थ नव्हता.

लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होऊ लागला. ॲन्ड्रॉइड स्टुडिओ उघडण्यास अजूनही वेळ लागे आणि प्रकल्पाची जुळणी करताना पंखा घोंघावे, कारण आचारी तोच होता. पण गोठणे थांबले. उरलेले अठराशे रुपये बाईंनी परत डब्यात टाकले. त्यात थोडी भर घालून डिसेंबरात बॅटरी बदलली. तोवर संगणकाच्या मेमरीची जगभर टंचाई सुरू झाली होती, कारण कारखान्यांचा मोठा हिस्सा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी माल काढण्याकडे वळला होता. जूनमध्ये सतराशेला घेतलेल्या त्याच पट्टीचा भाव, बॅटरी आणायला गेलेल्या त्या मुलीने सहज विचारला, तर तो दुपटीवर गेला होता.