खालचा थर बघितलास का?

पुणे,
जूनचा पहिला आठवडा

चि. छोटीस,


रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ‘बरं झालं’ म्हणून गप्प बसलो. शेजारी तुझी मामी होती आणि माझा आवाज जरा चढला की ती बीपीचं यंत्र घेऊन येते. म्हणून हे पत्र. माडीला कर्ज मंजूर झालं, गणपतीनंतर काम सुरू, हे ऐकून आनंदच झाला. पण त्यापुढचं तुझं वाक्य डोक्यातून जाता जात नाही. “मामा, विमासुद्धा बँकेतल्या त्या मुलानेच करून दिला. कर्जातच घातला, मला वेगळं काही भरावंच लागलं नाही!”

अगं, वेगळं भरावं लागलं नाही म्हणजे काय फुकट मिळाला? प्रीमियम कर्जात मिसळला म्हणजे त्याच्यावरही व्याज चालू झालं. नेमका आकडा तुलाही सांगता आला नाही, म्हणून लाखाचा हिशेब देतो. लाख रुपये प्रीमियम, ९ टक्के व्याज, १५ वर्षं मुदत. एवढ्यापायी महिन्याला १,०१४ रुपये जातील आणि मुदत संपेपर्यंत १ लाख ८२ हजारांच्या वर. गणितात तू वर्गात पहिली यायचीस ना?

पण पैशाचं नंतर. आधी मला हे सांग, तो विमा घराचा आहे की तुझ्या जिवाचा? हसू नकोस. कर्जाबरोबर पुष्कळदा जो विमा गळ्यात घालतात तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर बाकी कर्ज त्यातून फिटतं. वाईट नाही ते, पण वाशिष्ठी नदीचं पाणी पुन्हा बाजारपेठेत शिरलं तर त्यातून एक रुपया मिळायचा नाही. घराचं नुकसान भरून देणारा कागद निराळा. त्यावर घराचा पत्ता असतो, बांधकामाची रक्कम असते, आग, पूर, वादळ, भूकंप, दरड अशी नावं असतात. तुझ्याजवळच्या कागदावर यातलं काय आहे? आणि मुळात कागद तुझ्याजवळ आहे का?

अक्का असती तर तिने त्या मुलाला तासभर तरी उठू दिलं नसतं. आंब्याची पेटी घेताना ती वरचे गवत-आंबे बाजूला सारून खालचा थर बघायची, चार दुकानं फिरायची आणि पुन्हा पहिल्याच दुकानात येऊन पेटी घ्यायची. आपण दोघं उन्हात उभे राहून वैतागायचो. तिची लेक तू, आणि पंधरा वर्षांच्या कागदावर वरचा थर बघून सही करतेस! आपल्या माणसांचं हे मला कधी कळलेलं नाही. लग्नाच्या हॉलसाठी तीन तालुके पालथे घालतील, पण छापील कागद पुढे आला की लगेच ‘कुठे सही करू?’ चार ठिकाणी विचारणं म्हणजे चिक्कूपणा, समोरच्यावर अविश्वास, असं आपल्याला वाटतं. मी तर म्हणतो, विचारत नाही त्याला लोक भला माणूस म्हणतात आणि जास्त दर लावतात. (कराडच्या सोफ्याचं मी मुद्दाम काढत नाही. जावईबापूंना उगाच वाईट वाटेल.)

मी नोकरीला लागलो तेव्हा हिंडूनही उपयोग नव्हता. १९७३ पासून सर्वसाधारण विमा सरकारी चार कंपन्यांकडे होता, आणि दर टॅरिफच्या पुस्तकात छापलेले. चारही दारं ठोठावली तरी आकडा तोच. पुढे खासगी कंपन्या आल्या तरी आगीच्या विम्याचा दर पुस्तकातलाच राहिला. २००७ च्या जानेवारीत ते बंधन उठलं. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापला दर लावते. आमच्याच इमारतीत दोन शेजाऱ्यांनी सारख्या आकाराच्या फ्लॅटचा विमा घेतला, त्यात एकाने दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त भरले. का, तर दुसरीकडे विचारायचा कंटाळा.

आता तर तुलना करणं फार सोपं झालंय. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकायला लावली. मूळ मजकूर सारखाच, त्यामुळे दर शेजारी शेजारी मांडता येतात. मात्र प्रत्येकाला रक्कम तीच, मुदत तीच, जोडकलमं तीच सांगायची आणि उत्तर लेखी मागायचं. एकाला २० लाख आणि दुसऱ्याला ३० लाख सांगून कोण स्वस्त ते कसं कळणार?

रक्कम काढताना आणखी एक. फोनवर तू ‘पासष्ट लाखांचं घर’ म्हणालीस. तो बाजारभाव झाला, त्यात जागेची किंमत आली. पूर आला काय, भूकंप झाला काय, जागा तिथेच राहते. कंपनी देते तो घर पुन्हा बांधायचा खर्च. इंजिनियरने चौरस फुटाला २,२०० रुपये सांगितलेत ना? चटई क्षेत्र १,२०० फूट धरलं तर २६ लाख ४० हजार झाले. विमा एवढ्याचा. पासष्ट लाखांचा काढलास तर वरच्या ३८ लाख ६० हजारांवरचा प्रीमियम वाया. आतल्या सामानासाठी बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरलेले असतात. तुझ्या बाबतीत ५ लाख २८ हजार. अक्काच्या पाटल्या त्यात येत नाहीत, दागिन्यांसाठी वेगळी रक्कम लिहून घ्यावी लागते. साध्या चोरीचंही वेगळं कलम.

आणि घासाघीस करायची ती दरावर, संरक्षणावर नाही. तुझ्या बाबांचे बाजारपेठेतले ते मित्र आठवतात? टॅरिफच्या दिवसांत पूर-वादळ वगळलं तर दर थोडा कमी करून मिळायचा. त्यांनी वगळायला लावलं. नदीकाठच्या गावात! मी समजावलं, तर म्हणाले, “आमच्या ओट्याला कधी पाणी लागलेलं नाही.” २००५ च्या जुलैत ओटा राहू दे, गल्लासुद्धा दिसत नव्हता. म्हणून दर फारच कमी आला की आधी पूर आत आहे ना ते बघ, आणि नुकसान झालं तर पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाणार तेही विचार.

आता जे लिहितोय त्याने मला दोन रात्री झोप नाही. खालच्या गाळ्यात जावईबापूंचं औषधांचं दुकान आहे, हे फॉर्मात लिहिलंय का? फॉर्म त्या मुलाने भरला, तू सही केलीस. त्याने ‘पूर्ण निवासी’ अशी खूण केली असली, तर उद्या सर्व्हेअर दारात उभा राहून पहिला प्रश्न हाच विचारेल. दुकानातला माल घराच्या पॉलिसीत बसतच नाही. त्यासाठी ५ कोटींपर्यंतच्या छोट्या धंद्यांची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे, ती वेगळी घ्यायची. औषधं भिजली तर विकता येत नाहीत, हे मी का तुला सांगायचं?

२२ जुलै २०२१ चा पूर तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलास. मी चौथ्या दिवशी पोचलो तेव्हा जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत गाळ होता, फ्रीज आडवा होऊन दारात अडकलेला, आणि तू खराट्याने चिखल ढकलत “मामा, चहाला दूध नाही” म्हणालीस. तेव्हा विमा नव्हता, म्हणून सगळं रस्त्यावर टाकलं आणि गाड्या येऊन घेऊन गेल्या. विमा असता तर ते टाकण्याआधी फोटो काढावे लागले असते, कंपनीला कळवावं लागलं असतं, सर्व्हेअर येईपर्यंत निदान बाजूला ठेवावं लागलं असतं. जावईबापूंनी रंगकाम करताना भिंतीवरची पाण्याची रेघ तशीच ठेवली, त्याबद्दल तू त्यांच्याशी भांडलीस. माझं मत त्यांच्या बाजूने. नवीन कंपनीला ती रेघ दाखव. पूर्वीच्या पुराबद्दल विचारलं तर खरं सांग, दर वाढला तरी चालेल. लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या दिवशी निरुपयोगी होते.

मी इथून काळजी करण्यापलीकडे काही करू शकत नाही, म्हणून एवढं ऐक. सोमवारी बँकेत जा आणि पॉलिसीची संपूर्ण प्रत माग, नुसती पावती नको. कर्जाची पूर्ण रक्कम अजून उचललेली नाही, तर तो प्रीमियम कर्जातून काढता येतो का ते लेखी विचार. मुलगा लाघवी आहे म्हणालीस, असेल. त्याला टार्गेट असतं, त्याच्यावर रागावू नकोस, पण त्याचं टार्गेट तुझ्या हप्त्यातून पुरं करायचं कारण नाही. दोन-तीन कंपन्यांचे लेखी दर आले की मला पाठव. तोवर कशावरही सही करू नकोस. पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे तुझं नेहमीचं उत्तर मला चालणार नाही.

मामीने आमसुलं मागितली आहेत. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. ‘बँकेला वाईट वाटेल’ म्हणालीस, ते राहून गेलं. तारण घराचा विमा हवा, असं बँक म्हणू शकते आणि पॉलिसीवर तिचं नाव घालून मागू शकते. तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा, हे तू ठरवायचं.