मुक्काम पोस्ट गहुंजे

रत्नागिरीला स्वतःची क्रिकेटची टीम आहे, ही बातमी मला पुण्याहून कळली. यात नवल काही नाही. रत्नागिरीत काय चाललं आहे ते रत्नागिरीकराला नेहमी बाहेरूनच कळतं. आंब्याला भाव काय फुटला ते वाशीहून कळतं, आणि समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं हे दादरच्या मावशीकडून. तसा २०२३ सालच्या जून महिन्यात चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला.

"बाबा, आपली टीम आहे. रत्नागिरी जेट्स!"

"जेट्स म्हणजे?"

"जेट हो. विमान."

मी जन्मात कधी रत्नागिरीहून विमानात बसलेलो नाही. आता टीमच काढायची तर 'रत्नागिरी हापूस' नाव काय वाईट होतं? गेलाबाजार 'रत्नागिरी सुरमई'. पण मग खुलासा झाला. ज्यांनी टीम घेतली त्या जेटसिंथेसिस कंपनीच्या नावातलं ते जेट. म्हणजे आडनाव मालकाचं, गाव आमचं. कोकणात कुळकायद्याच्या आधी असंच असे.

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने त्या साली महाराष्ट्र प्रीमियर लीग भरवली. सहा टीम: पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर आणि रत्नागिरी. सामने मात्र सगळे पुण्याजवळ गहुंज्याला. म्हणजे रत्नागिरीची टीम रत्नागिरीत खेळणारच नव्हती. आमच्या शेजारच्या आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "शहाणे आहेत. जूनमध्ये इथे खेळतील तर होडी घेऊन फील्डिंग करावी लागेल."

तेही खरंच. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात जूनमध्ये क्रिकेट भरवणारा माणूस एक तर वेडा असेल, नाही तर छत्रीचा दुकानदार.

पण माझी शंका वेगळी होती. मी चिरंजीवांना विचारलं, "खेळणारे तरी आपले आहेत का?" त्याने लगेच सगळी यादी मोबाईलवर पाठवली. मी चष्मा लावून, पंचांग वाचावं तशी ती वाचली. कोकणी माणूस कुठलीही यादी आपलं कोण आहे हे शोधायलाच वाचतो. मग ती लग्नाच्या आहेराची असो, बोर्डाच्या निकालाची असो की मयताची.

कप्तान अजीम काझी. काझी म्हटल्यावर मला वाटलं, सापडलं घरचं माणूस! आमच्याकडे काझी काही कमी नाहीत. पण हे काझी निघाले नगरचे. डावऱ्या हाताने बॅटिंग करणार, डाव्याच हाताने फिरकी टाकणार, शिवाय कप्तानी. एका पगारात तीन कामं. हा माणूस जन्माने नगरचा असला तरी वृत्तीने आमच्या ग्रामपंचायतीच्या शिपायासारखा, हे मी तिथेच ओळखलं.

पुढे दिव्यांग हिंगणेकर, ऑलराउंडर. धीरज फटांगरे आणि प्रीतम पाटील बॅटिंगला. प्रदीप दाढे, विजय पावले वेगवान बॉलिंगला. मी एकेका आडनावाला रत्नागिरीच्या नकाशावर बसवून बघत होतो आणि एकही बसत नव्हतं. शेवटी विकेटकीपरपाशी आलो. निखिल नाईक! हा सावंतवाडीचा.

"सावंतवाडी म्हणजे सिंधुदुर्ग," आप्पांनी मोडता घातला.

"सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. त्याआधी सावंतवाडी आपल्याच जिल्ह्यात होती."

"पण तो मुलगा त्यानंतर जन्मलाय ना?"

"त्याचे वडील तर आधी जन्मले असतील!"

या मुद्द्यावर आप्पा गप्प झाले. अशा रीतीने वडिलांच्या बाजूने का होईना, पण एक खेळाडू आम्ही रत्नागिरीच्या सातबाऱ्यावर चढवला.

मग मी इतरांच्या घरातही डोकावलो. आपलं दुःख शेजाऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवलं की जरा लहान दिसतं. कोल्हापूरचा कप्तान केदार जाधव, तो जन्माने पुण्याचा. नाशिकचा राहुल त्रिपाठी, त्याचा जन्म रांचीचा. संभाजीनगरचा राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. एकट्या पुण्याने मात्र पुण्याचाच ऋतुराज गायकवाड घेतला होता. पुणेकर आपलं दुसऱ्याला देत नाहीत आणि दुसऱ्याचं सहसा चांगलं म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांची सोय आपोआप होते.

खरं सांगायचं तर रत्नागिरीकराने तक्रार करावी असं यात काही नव्हतं. रत्नागिरीचं नाव बाहेर जाऊनच होतं, ही इथली जुनी रीत. लोकमान्य टिळक १८५६ साली इथे जन्मले आणि दहा वर्षांचे होताच पुण्याला गेले. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी जे केलं तेही पुण्यातच. आंबा इथे पिकतो आणि पेटी उघडते मुंबईला. आणि बाहेरच्याला 'रत्नागिरी' म्हणून खपवण्याचं म्हणाल, तर परप्रांतातला आंबा आमचं नाव लावून किती वर्षं हिंडला! शेवटी २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. क्रिकेटच्या खेळाडूला तसं मानांकन अजून निघालेलं नाही, नाही तर अर्धी टीम पेटीतून परत पाठवावी लागली असती.

उलट माणूस आमच्याकडे आला तर? तेही झालेलं आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी इथे आणून ठेवला. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं रत्नागिरीत काढली, पण राजा ब्रह्मदेशाचाच राहिला. मग आमची टीम दोन आठवडे गहुंज्याला राहिली तर ती रत्नागिरीची का राहू नये?

असा मनाचा समजूतदारपणा करून मी मोबाईलवर सामने बघू लागलो. आमची ही पहिल्या दिवशी म्हणाली, "अहो, तुमचं ह्यातलं कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही." "मग ओरडताय कोणासाठी?" या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे मी पुढच्या सामन्याला हळू ओरडलो.

आणि बघता बघता आमची टीम साखळीत पहिली आली. फायनल कोल्हापूरशी. कोल्हापूरची बॅटिंग चालू असताना पाऊस आला तो आलाच. दुसऱ्या राखीव दिवशीही सामना पुरा होईना. तेव्हा साखळीत वरचा नंबर म्हणून विजेतेपद रत्नागिरीला दिलं. फोनवर चिरंजीव जरा खट्टू होऊन म्हणाला, "बाबा, पावसाने जिंकलो." मी म्हटलं, "अरे, मग तोच एक आपल्या गावचा होता ना टीममध्ये!" अकरा जणांत नसेल, पण बारावा गडी अस्सल रत्नागिरीचा निघाला. जाताना घाट चढून गेला आणि वेळेवर पोचला.

पुढल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये, चिरंजीव म्हणाला, "बाबा, या वर्षी प्रत्यक्ष मॅच बघायला चला." मी लगेच तयार झालो. पोराच्या आवाजात आणखी काहीतरी आहे हे मला कळत होतं. गेली दोन वर्षं तो आडून आडून तेच सांगत होता. घर जुनं झालंय, कौलं दर पावसाळ्याआधी चाळायला माणूस मिळत नाही, दोघांनी एवढ्या आगरात एकटं राहायचं कशाला, इकडे या. मुलगा वाईट नाही हो. उलट चांगला आहे, हीच अडचण. वाईट मुलाला नाही म्हणणं सोपं असतं.

पुण्याला पोचलो आणि आधी आमच्या आळीतल्या जुन्या मंडळींना फोन लावले. दोघं पिंपरीला कारखान्यात नोकरी करून तिथेच राहिलेले, एक चिंचवडला मुलीकडे. तिघेही आले. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही एका टीमचे. त्या टीमला नाव नव्हतं आणि मालक तर नव्हताच. भात कापून मळे मोकळे झाले की आमचा सीझन सुरू, आणि पहिल्या पावसाला संपला.

गहुंज्याचं ते मैदान बघून आमचे डोळे फिरले. एवढं सपाट! आमच्याकडे सपाट जागा ताटात काय ती असते. दिवे लागले, जेट्स मैदानात उतरले, आजूबाजूची पोरं नाचू लागली. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने वळून विचारलं, "काका, तुम्ही खरंच रत्नागिरीचे?" मी म्हटलं, "हो." त्याने मित्राला दाखवलं, "अरे, हे ओरिजिनल आहेत!" लीगमध्ये प्रत्येक टीमला एक आयकॉन खेळाडू असतो म्हणतात. त्या पाच मिनिटांत स्टँडातला मी आयकॉन झालो.

त्या दिवशी सामना कोणी जिंकला हे मला विचारू नका. आम्ही चौघांनी तो पाहिलाच नाही. दुसऱ्याच ओव्हरला चिंचवडवाला म्हणाला, "आपला विकेटकीपर कोण होता रे?" झालं. चिरंजीवाकडून पेन घेतलं आणि खेळाडूंच्या यादीच्या पाठीमागे आम्ही आमची यादी मांडायला बसलो.

कप्तान: बॉलवाला. बॉल त्याच्या मामाने मुंबईहून आणलेला, म्हणून तो कप्तान. त्याला बॅट धरता येत नव्हती. पण तो रागावून घरी गेला की बॉलही जाई, म्हणून तो तीनदा आऊट झाल्याशिवाय आऊट नसे. विकेटकीपर: जाड्या. स्टंपामागे जांभ्याचा गडगा असल्यामुळे बॉल पुढे जायची भीती नव्हती, त्याचं काम फक्त बोलायचं. फास्ट बॉलर: मांडवीचा खारव्याचा पोर, वल्हं मारून दंड असा झालेला. पाखाडीच्या पायऱ्या उतरत धावत यायचा, त्यामुळे बॉलच्या आधी तोच बॅट्समनपर्यंत पोचे. अंपायर: आळीतले एक पेन्शनर आजोबा. त्यांना दिसत नसे, म्हणून दोन्ही बाजूंना मान्य. आणि नियम कडक: गडगा ओलांडला की चार, माडाला लागला की दोन, विहिरीत पडला की बॅट्समन आऊट.

यादी लिहून झाली. मग प्रत्येक नावापुढे सध्याचा मुक्काम लिहायला लागलो. बॉलवाला कप्तान आधी मुंबईला गिरणीत, १९८२ च्या संपानंतर काय झालं कोणालाच ठाऊक नाही. जाड्या आखातात गेला, परत आला तो मुंबईलाच. फास्ट बॉलर गेला. म्हणजे मुंबईला नव्हे, वरच. दोन जण डोंबिवली, एक बडोदा, तिघे हे माझ्यासमोर. आणखी एकाच्या नावापुढे पिंपरीवाल्याने न बोलता फुली मारली. कागद चिरंजीवाने हातात घेतला. अकरांपैकी एकाच नावापुढे 'रत्नागिरी' लिहिलेलं होतं.

बराच वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, सगळ्यांची कामं लिहिलीत. तुमचा रोल काय होता?"

मी काही बोलायच्या आत तिघेही एकदम ओरडले, "हा विहिरीत उतरायचा!"

ते मात्र खरं. माझी बॅटिंग अकराव्या नंबरची, बॉलिंग कोणी देत नसे. पण विहिरीत बॉल पडला की रहाटाचा दोर धरून खाली उतरायला मीच. मी वर येईपर्यंत खेळ थांबलेला असायचा. सगळे काठावर वाकून बघत उभे, आणि मी पाण्यातून बॉल वर दाखवला की असा ओरडा व्हायचा, तसा त्या गहुंज्याच्या मैदानावरही मी ऐकला नाही.

पोरगा हसला. घराचा विषय त्या मुक्कामात निघाला नाही. निघताना स्टँडवर मात्र म्हणाला, "पुढल्या महिन्यात मी येतो. कौलं चाळून घेऊ." मी हो म्हटलं.

रत्नागिरीने त्या वर्षी नाशिकला हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा चषक जिंकला. मी फायनल घरीच बघितली. आप्पा शेजारी बसले होते. बाहेर बारावा गडी धो धो कोसळत होता. ही म्हणाली, "आता तरी सांगा, तुमचं कोण आहे त्यात?"

मी म्हटलं, "अगो, सगळेच. खेळायला बाहेर जातात तेच आपले. फक्त विहिरीपाशी कोणीतरी एक थांबायला लागतं."