नदीकाठची फेरी

मी निवृत्त झालो, त्या वर्षी डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला आणि हसत हसत म्हटले, “सर, जन्मभर मुलांना मैदानावर धावायला लावलेत, आता थोडे स्वतःही धावा.”

साठीला टेकलेल्या मुख्याध्यापकाने रस्त्यावरून धावायचे, ही कल्पना मला मोठी संकोचाची वाटली. वाटेत एखादा जुना विद्यार्थी भेटला तर? म्हणून पहिले काही दिवस मी पहाटेच्या अंधारातच बाहेर पडत असे. ज्याला आजकाल ‘जॉगिंग’ म्हणतात, ते धावणे म्हणजे शर्यतीतले धावणे नव्हे. घोड्याच्या दुडक्या चालीसारखी ती एक संथ, सारखी चाल असते. श्वास लागू नये, शेजारच्याशी दोन शब्द बोलता यावेत, इतपतच तिचा वेग. हळूहळू पाय सरावले, संकोच गेला आणि माझी फेरीही ठरून गेली.

माझे सारे आयुष्य पुण्यात गेले. परंतु मुठा नदी मी पाहिली होती ती केवळ पुलावरून, आणि तीही नाकाला रुमाल लावून. या फेरीने मला प्रथमच नदीच्या सोबतीने चालवले.

नारायण पेठेतून निघालो की पहिला लागतो लकडी पूल. आज तो दगडी आहे. पण नाव मात्र लाकडाचेच राहिले आहे. १७६१ च्या पानिपतच्या पराभवानंतर येथे प्रथम लाकडी पूल उभा राहिला, असे सांगतात. पूल ओलांडून मी जंगली महाराज रस्त्याला लागतो. उजव्या हाताला नदीकाठी संभाजी उद्यान आहे. पहाटे तेथे सारे वय एकत्र नांदते. कोणी प्राणायाम करीत असतो, कोणी काठी टेकीत पावले मोजीत असतो, तर कोणी माझ्यासारखा धापा टाकीत असतो. वरच्या फांदीवर तांबट पक्षी आपले ‘टुक् टुक्’ लावून बसलेला असतो. झाडांपलीकडे नदीच्या बाजूला मेट्रोचे उंच खांब दिसतात आणि त्यांच्या पायाशी एखादा बगळा ध्यानस्थ उभा असतो.

उद्यानाला एक वळसा घालून मी बालगंधर्व रंगमंदिरावरून पुढे जातो. हे रंगमंदिर १९६८ मध्ये उभे राहिले. त्यापुढे थोड्याच अंतरावर पाताळेश्वराची लेणी आहेत. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी एका अखंड खडकात कोरलेले हे मंदिर रस्त्यापासून इतके जवळ आणि इतके शांत आहे, की वाहनातून जाणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. पायी जाणाऱ्याला मात्र तेथला गारवा बोलावतो. मग शिवाजी पुलावरून, ज्याला पुणेकर अजून ‘नवा पूल’ म्हणतात, मी पुन्हा नदी ओलांडतो, शनिवारवाड्याच्या दरवाजाला दुरून नमस्कार करतो आणि ओंकारेश्वराच्या देवळापाशी येऊन नदीकाठाने घराकडे वळतो. ही सारी फेरी सुमारे चार किलोमीटरांची.

या शेवटच्या टप्प्यावर मला नेहमी वडिलांची आठवण येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी या पेठांतून शिरले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. वडील मला घराच्या भिंतीवर हात उंच करून दाखवीत आणि म्हणत, “येथवर पाणी होते, बाळ. नदीला कधी क्षुल्लक समजू नये.” मी ते ऐकले, पुढे तीस वर्षे मुलांना ‘नदीचे आत्मवृत्त’ या विषयावर निबंधही लिहायला सांगितले. परंतु ऐकलेले आणि शिकवलेले आपल्या आचरणात उतरतेच असे नाही, हे मला एका ऑक्टोबरच्या सकाळी कळले.

त्या वर्षी सुट्टी होती, म्हणून सहावीत शिकणारी माझी नात माझ्याबरोबर धावायला येत असे. दसऱ्याला घट उठले. नऊ दिवसांच्या माळा एका पिशवीत भरून मी दुसऱ्या दिवशी सायंकाळी लकडी पुलावर गेलो. निर्माल्य टाकण्याचा कलश थोडा दूर होता आणि मला घाई होती. शिवाय लहानपणापासून मनात बसलेले होतेच, की देवाची फुले पाण्यातच सोडावीत. मी इकडेतिकडे पाहिले आणि पिशवी खाली सोडून दिली. पाण्याचा लहानसा आवाज झाला आणि माझ्यापुरते ते काम संपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओंकारेश्वराजवळून धावत होतो. काठाशी जलपर्णीत अडकलेली एक निळी पिशवी पाहून नात एकदम थांबली.

“आजोबा, ही आपलीच पिशवी ना? ते पाहा, मी काढलेले फुलपाखरू.”

मी पाहिले. पिशवी आमचीच होती. ती कधीकाळी तिच्या रंगांची पिशवी होती, हे टाकताना माझ्या ध्यानातही आले नव्हते. फाटलेल्या कडेतून झेंडूची कुजलेली फुले डोकावत होती.

“छे! अशा पिशव्या पुष्कळ असतात,” मी म्हणालो आणि धावू लागलो.

तिने एकवार माझ्याकडे पाहिले. पण ती काही बोलली नाही. एरवी अखंड बडबड करणारी ती पोर घरापर्यंत मुकाट्याने आली. त्या चार शब्दांनी मला जितका थकवा आला, तितका चार किलोमीटरांनी कधी आला नव्हता. चूक झाली तर चालेल, पण लपवलेली चालणार नाही, असे मी शाळेत कितीदा बजावले होते! त्या रात्री मला झोप लागली नाही. मुठा पुढे मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. ज्या पाण्याला आपण तेथे हात जोडतो, त्यातच आपण येथे कचरा सोडतो, हा विचार मला टोचत राहिला. आणि त्याहून अधिक टोचत राहिली ती नातीची नजर.

सकाळी मी तिला उठवले आणि म्हणालो, “पिशवी आपलीच होती. ती मीच टाकली आणि काल तुझ्याशी खोटेही बोललो.”

ती शांतपणे म्हणाली, “मला ठाऊक होते, आजोबा. फुलपाखराचा एक पंख माझ्याकडून लहान निघाला होता.”

आम्ही एक लांब काठी घेऊन ओंकारेश्वरापाशी गेलो. काठावर झाडणाऱ्या सफाई कामगार बाईंनी आमची खटपट थोडा वेळ पाहिली. मग आपली आकडी पुढे करीत त्या म्हणाल्या, “काका, एकच कशाला काढता? शेजारच्या दोन पण घ्या की!”

आम्ही तिन्ही काढल्या. फुले निर्माल्यकलशात टाकली. निळी पिशवी नातीने घरी आणून स्वच्छ धुतली आणि तिची फाटलेली कड शिवली.

आता मी फेरीला निघतो, तेव्हा ती पिशवी माझ्या खिशात घडी घालून ठेवलेली असते. वाटेत नदीकाठी जे हाती येईल ते तिच्यात भरायचे आणि कचरापेटीत टाकायचे, हा आमचा नेम झाला आहे. माझ्या एका पिशवीने मुठा नदी निर्मळ होणार नाही, हे मला कळते. परंतु काठावरून धावताना मी आता तिच्याकडे मान वर करून पाहू शकतो. नाकाचा रुमाल मी केव्हाच काढला आहे.