एका शिरेचे पान

माणसाने फसावे तर सोन्याच्या व्यवहारात फसावे. निदान चार लोकांत सांगायला बरे. मी फसलो तो एका वीतभर रोपट्यापायी. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका रोपवाटिकेत माळी म्हणाला, "तमालपत्र आहे साहेब. घरचं पान, घरच्या भाताला!" मराठीचा प्राध्यापक पडलो. वाक्याला लय असली की मला ते खरेच वाटते.

कुंडी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ठेवली. दोनेक महिन्यांत पाने चिकट झाली, खोडावर मुंग्यांची रांग लागली, मग पानांवर काजळी धरली. मला एकच औषध ठाऊक, पाणी. ते मी दोन्ही वेळा घातले. पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ती कुंडी मांडीवर घेऊन मी एस. टी. ने गोळेगावला, आईकडे निघालो.

गोळेगाव लेण्याद्रीच्या पायथ्याशी. आमच्या ओट्यावर बसले की समोर डोंगर आणि त्यातली लेण्यांची काळी तोंडे दिसतात. त्यांतल्याच एका लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज बसला आहे. गिरिजेचा मुलगा एवढीच त्याची ओळख, आणि माझीही गावात तीच. आई तिथल्या शाळेत मास्तरीण होती. पंचेचाळिशी उलटली तरी मी तिथे 'बाईंचा मुलगा'च आहे. वडील गेल्यापासून आई एकटी राहते. पुण्याला चल म्हटले की "बघू" म्हणते. 'बघू' म्हणजे 'नाही', हा अर्थ कोणत्याही शब्दकोशात नसला तरी आमच्या घरात रूढ आहे.

तिने एक पान तोडून उजेडासमोर धरले. "हे तमालपत्र नव्हे रे. त्याला देठापासून टोकाकडे तीन शिरा जातात. ह्याला मधोमध एकच आहे बघ." मसाल्याच्या डब्यातले वाळके पान काढून पाहिले. तीन! मी एम. ए. झालेला, आणि इतक्या वर्षांचा मसालेभात खाऊन त्या शिरा कधी मोजल्या नव्हत्या.

पुढे महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याने उलगडा केला. हा लॉरेल, भूमध्य समुद्राकाठचा. ग्रीक लोक विजेत्याच्या डोक्यावर ह्याच्याच डहाळ्यांचा मुकुट घालीत. 'नोबेल लॉरिएट'मधला लॉरिएट तो हाच. आपले तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याचे, दालचिनीचे भाऊबंद. कूळ दोघांचे एक, पण नाते चुलत. गंमत म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपले तमालपत्र गलबतांतून रोमपर्यंत जात असे, आणि ग्रीकांनी 'तमालपत्र' ऐकून त्यातला 'त' आपल्या भाषेतले उपपद समजून वेगळा काढला. उरले ते 'मालाबाथ्रम'. आमच्या शब्दाचे पहिले अक्षर असे परदेशी व्याकरणात जमा झाले!

आईला ह्या विद्वत्तेची गरज नव्हती. तिने कुंडी पालथी केली. तळाचे भोक बुजून आत चिखल झाला होता. तिने भोकावर खापरी ठेवली, लाल माती, वाळू आणि जुने शेणखत कालवून भरले. पानांच्या पाठीवरचे तपकिरी ठिपके नखाने खरवडून मला दाखवले. "हे डाग नव्हेत, किडे आहेत. खवले. ह्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात." मग साबणाच्या पाण्यात फडके बुडवून एकेक पान, तान्ह्या मुलाचे कान पुसावेत तसे, दोन्ही बाजूंनी पुसले. आठ दिवसांनी कडुनिंबाचे तेल लावायचे ठरले. कुंडी गेली पूर्वेच्या भिंतीशी, सकाळचे ऊन लागेल आणि दुपारचे टळेल अशी. पाणी कधी? बोट दोन पेरे मातीत खुपसायचे, कोरडे लागले तरच.

जुन्नरकडची थंडी त्याला मानवली, पण वाढ मोठी सावकाश. पहिल्या वर्षी जेमतेम चार बोटे. लेण्याद्रीची माकडे तुम्ही पाहिलीच असतील. यात्रेकरूच्या हातची पिशवी ओढणारी ती मंडळी आमच्या अंगणात पेरू ठेवीत नाहीत. त्यांतल्या एकाने लॉरेलचे पान चावले, तोंड वाकडे केले आणि थुंकले. त्या दिवसापासून आईचा त्या झाडावर जीव जडला. ताजे पान कडवट लागते, म्हणून ती ते सावलीत वाळवी आणि मग आमटीत टाकी. "वास निलगिरीच्या अंगाचा आहे, पण वाईट नाही," हा तिचा शेरा.

एकदा मी तिला सांगितले की शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे, आणि त्या काळी यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी. आई म्हणाली, "त्यांनी आपल्याला टाकी दिली होय? मग ह्याला तांब्याभर घालायला आपलं काय जातं?"

गेल्या वर्षी जूनमध्ये ती ओट्यावरून घसरली. मनगट मोडले. मी आठवडाभर राहिलो, आणि ह्या वेळी 'बघू' चालू दिले नाही. "पाऊस सरू दे," ती म्हणाली. पावसाळाभर माझे तिकडे जाणे झाले नाही. तास, तपासायच्या उत्तरपत्रिका, ही कारणे खरीच होती. फोनवर सांगताना मात्र ती खोटी वाटत.

दसऱ्याला गेलो तो तयारीने. पुण्यात तिची खोली रिकामी केली होती. गॅलरीत कुंडीसाठी पूर्वेची जागादेखील धरली होती, म्हणजे त्या सबबीला वाव नको. पण भिंतीशी कुंडी नव्हती. ती न्हाणीजवळ पालथी पडली होती, आणि झाड अंगणात, जमिनीत उभे होते. कमरेएवढे, भोवती आळे, आळ्याला काट्यांचे कुंपण.

"कधी लावलंस?"

"श्रावणात. प्लास्टर निघालं, मग शेजारच्या पोराकडून खड्डा काढून घेतला. मुळं मावेनात रे कुंडीत."

"आता परत काढता येईल?"

"काढायला काय, काढता येईल. जगेल का, ते सांगता यायचं नाही."

मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने डाव्या हाताने तांब्या पुढे केला. उजवा अजून पुरता वळत नव्हता.

"आलायस तर पाणी घाल. बेतानं."

मी घातले. ती वाकली, आळ्यात बोट खुपसून पाहिले आणि म्हणाली, "पुरे."